गाण्यानंतरचा माणूस

आपल्याकडे जवळपास प्रत्येक सिनेमात गाणी असतात, त्यामुळे ‘संगीतपट’ असं वेगळं नाव कशाला हवं, असा प्रश्न मराठी प्रेक्षकाला पडणं साहजिक आहे. आपल्याकडे गाणी नसलेलाच सिनेमा वेगळा म्हणून ओळखला जातो. तरीही नुसती गाणी असलेला सिनेमा आणि संगीतपट यांत फरक आहे, आणि तो गाण्यांच्या संख्येवर ठरत नाही. आपल्या कित्येक लोकप्रिय सिनेमांतली गाणी काढून टाकली तरी गोष्टीचं काही अडत नाही. नायक-नायिका डोंगरावर जातात, गातात, खाली येतात आणि गाण्याआधी गोष्ट जिथे थांबली होती तिथूनच पुन्हा सुरू होते. ती गाणी गोड असतात. अनेकदा ती सिनेमापेक्षा जास्त जगतात, रेडिओवर, लग्नात, गणपतीच्या मांडवात वर्षानुवर्षं वाजत राहतात. पण ज्या सिनेमासाठी ती केली गेली, त्या सिनेमात ती विसाव्यापुरतीच असतात. संगीतपटात गाणं ही घटना असते. एरवी कथेत एखादं भांडण, एखादं पत्र, एखादा मृत्यू जे काम करतो, ते तिथे गाणं करतं. गाणं सुरू होताना आपल्यासमोर जो माणूस उभा असतो, तो गाणं संपेपर्यंत तसाच राहत नाही. मला आवडणारे संगीतपट एकमेकांपासून फार दूरचे आहेत. कोणी हॉलिवूडच्या स्टुडिओत जन्मलेला, कोणी फ्रान्समधल्या एका बंदराचा, तर कोणी पुण्याच्या प्रभातचा. त्या सगळ्यांत मला एकच गोष्ट समान दिसते. त्यांचा खरा आनंद चालीत, कपड्यांत किंवा देखाव्याच्या भव्यतेत साठलेला नाही. माणूस आपल्या डोळ्यांदेखत बदलतो आणि तो बदल आपल्या कानांवर पडतो, त्यात तो आहे.

‘द साउंड ऑफ म्युझिक’ (1965) हा याचा सर्वांना माहीत असलेला दाखला. रॉबर्ट वाइज यांच्या या सिनेमाचं नाव निघालं की हिरव्यागार डोंगरावर हात पसरून गिरकी घेणारी ज्युली अँड्र्यूज आठवते. पण सिनेमाला वळण मिळतं ते घरात. कॅप्टन फॉन ट्रॅप विधुर आहे. बायको गेल्यापासून त्याने घरातलं गाणं बंद केलं आहे आणि सात मुलांना तो बोटीवरच्या खलाशांसारखी शिट्टी वाजवून बोलावतो. मुलांना गायला शिकवणाऱ्या मारियाशी त्याचं कडाक्याचं भांडण होतं आणि तो तिला सामान बांधून निघून जायला सांगतो. तेवढ्यात आतून सूर येतात. घरी आलेल्या पाहुणीसाठी मुलं गात असतात. कॅप्टन थबकतो, आत जातो आणि मुलांच्या गाण्यात आपला आवाज मिसळतो. मुलं अवाक होऊन त्याच्याकडे बघत राहतात, कारण बापाचा हा आवाज त्यांच्या कानांवर कित्येक दिवसांत पडलेला नाही. त्यानंतर तो मारियाची माफी मागतो आणि तिला राहायला सांगतो. हाच प्रसंग संवादात लिहायचा झाला तर काय होईल? दुःखाने आपण कसे कोरडे झालो आणि मुलांपासून कसे तुटलो, हे त्या शिस्तप्रिय माणसाला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल, आणि त्याच्या तोंडी ते भाषण खोटं वाटेल. गाण्यात त्याला काहीच समजावून सांगावं लागत नाही. ज्याने गाण्याला बंदी घातली तोच गातो आहे, एवढं दिसलं की बदल सिद्ध झाला. आपण बदललो असं तो म्हणत नाही. तो गातो, आणि ते गाणं हाच त्याचा बदल असतो.

यावर पहिला आक्षेप असा निघू शकतो की, गाणं ही घटना असेल तर ते त्या कथेसाठीच लिहिलेलं असायला हवं. मग ‘सिंगिंग इन द रेन’ (1952) चं काय? जीन केली आणि स्टॅन्ली डोनन यांनी दिग्दर्शित केलेल्या या सिनेमातली बहुतेक गाणी जुनी होती. निर्माते आर्थर फ्रीड एके काळी गीतकार होते. त्यांनी आणि संगीतकार नेसिओ हर्ब ब्राउन यांनी आधी केलेली गाणी पटकथाकारांच्या हाती देण्यात आली आणि त्यांच्याभोवती गोष्ट रचायला सांगण्यात आलं. शीर्षकगीत तर 1929 च्या एका सिनेमात येऊन गेलं होतं. म्हणजे इथे गाणी आधी आणि कथा मागाहून. तरीही माझ्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मिळणार नाही, कारण गाण्याला घटना करते ती त्याची जागा. तो पावसातला प्रसंग नीट पाहावा. नट डॉन लॉकवुड आपल्या प्रेयसीला तिच्या दारापर्यंत सोडतो. पाऊस कोसळतो आहे, गाडी त्याच्यासाठी थांबली आहे. तो गाडीला जायची खूण करतो आणि पायी निघतो. आधी नुसतं गुणगुणणं आहे, शब्द नाहीत. मग पावलांना लय येते. मग तो छत्री मिटतो. माझ्या लेखी या प्रसंगाचा सगळा अर्थ त्या मिटलेल्या छत्रीत आहे. भिजायचं नाही, कपडे सांभाळायचे, लोक बघतायत याचं भान ठेवायचं, असं आजवर ज्या प्रसिद्ध नटाने पाळलं तो ते सगळं सोडून देतो. दिव्याच्या खांबावर चढतो, पन्हळीतून पडणारी धार अंगावर घेतो, डबक्यात पाय आपटतो. पोलीस समोर येतो तेव्हा तो ओशाळतो, थांबतो आणि जाता जाता छत्री एका अनोळखी वाटसरूला देऊन टाकतो. सिनेमाच्या सुरुवातीला हाच माणूस आपल्या मोठेपणाच्या खोट्या कहाण्या लोकांना ऐकवत होता. आता त्याला कोणाला काही ऐकवायचं नाही, आणि रस्ता रिकामा असल्याचं त्याला वाईटही वाटत नाही.

त्या प्रसंगाच्या घडणीकडे पाहिलं की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. रात्रीचा तो रस्ता स्टुडिओच्या आवारातला होता. वर काळी ताडपत्री ताणून दिवसा रात्र केली होती. डबकी नाचाच्या पावलांना जमतील अशा जागी खणून घेतली होती, आणि केली यांच्या अंगात ताप होता. पडद्यावर यातलं काही दिसत नाही. दिसतो तो एक सलग, मोकळा माणूस. कॅमेरा फार तुकडे करत नाही. नाचणारा देह डोक्यापासून पायांपर्यंत दिसत राहतो, म्हणून हे शरीर आत्ता, इथे, हे करतं आहे यावर आपला विश्वास बसतो. हा आग्रह फ्रेड अस्टेअर यांनी 1930 च्या दशकातच धरला होता. नाच चालू असताना पूर्ण आकृती दिसली पाहिजे आणि कापाकापी कमीत कमी असली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. हा नुसता तंत्राचा हट्ट नव्हता. ‘टॉप हॅट’ (1935) मध्ये लंडनच्या एका बागेत पाऊस सुरू होतो आणि आडोशाला अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स अडकतात. ती त्याच्यावर वैतागलेली आहे. तो गातो तेव्हा ती पाठमोरी बसलेली असते. मग तो चार पावलं टाकतो. ती उठते आणि त्याची नक्कल करत तीच पावलं टाकून दाखवते. तो एक अवघड जागा घेतो, तीही घेते. नकलेचा सवाल-जवाब होतो, सवाल-जवाबाची जोडी जमते आणि शेवटी दोघं खाली बसून हस्तांदोलन करतात. नाच सुरू झाला तेव्हा ते परके होते, संपला तेव्हा बरोबरीचे झालेले आहेत. मधे प्रेमाचा एक शब्दही उच्चारला गेलेला नाही. हा नाच तुकडे-तुकडे जोडून दाखवला असता तर आपल्याला दोन कुशल नर्तक दिसले असते, पण राग विरघळताना दिसला नसता. बदल पाहायचा तर तो सलग पाहावा लागतो.

आता सगळ्यात जुना आणि सगळ्यात जास्त वेळा घेतला जाणारा आक्षेप: खऱ्या आयुष्यात माणसं अशी गात सुटत नाहीत. हा आक्षेप घेणाऱ्याने आपल्या आजीच्या पिढीकडे बघावं. जात्यावर बसलेली बाई सासरचा जाच, माहेरची ओढ, भावाची वाट पाहणं, हे सगळं ओवीत म्हणत होती, आणि त्यातलं कितीतरी असं होतं की ते साध्या बोलण्यात घरात कोणापुढे उच्चारायची तिला सोय नव्हती. मराठी माणसाने बाळाला निजवताना पाळणा म्हटला, पिकाच्या कामात भलरी म्हटली, पंढरीच्या वाटेवर अभंग म्हटले. बोलायला जागा नसलेलं गाण्यातून बाहेर येतं, हा अनुभव संगीतपटाने शोधून काढलेला नाही. तरीही आक्षेपात तथ्याचा अंश आहे, आणि तो टाळू नये. ओवी म्हणणाऱ्या बाईला आपण ओवी म्हणतो आहोत हे ठाऊक असतं. संगीतपटातली माणसं बोलता बोलता गाऊ लागतात आणि भोवतालच्या कोणालाही त्याचं नवल वाटत नाही. हा संकेत आहे, हे मान्य करावं लागतं. पण ज्याला आपण वास्तव सिनेमा म्हणतो त्यातही नायिका एकटी रडते तेव्हा कुठूनशी सारंगी वाजते आणि आपण ती कोण वाजवतंय असं विचारत नाही. नाटकातलं स्वगत मागच्या रांगेपर्यंत ऐकू येतं आणि शेजारी उभ्या असलेल्या पात्राला येत नाही, हेही आपण पिढ्यानपिढ्या चालवून घेतलं आहे. कलेत संकेत असतातच. त्या संकेताच्या बदल्यात कला आपल्याला काय देते, एवढंच तपासायचं असतं.

जाक देमी यांच्या ‘द अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर’ने (1964) हा आक्षेप पहिल्या काही मिनिटांतच ओढवून घेतला. या फ्रेंच सिनेमात एकही वाक्य नुसतं बोललेलं नाही. मिशेल लग्रां यांच्या संगीतात सगळंच गायलेलं आहे. सुरुवातीला मोटारीच्या गॅरेजात काम संपवून हात धुणारे मेकॅनिक संध्याकाळचे बेत ठरवत असतात. त्यातला एक जण म्हणतो की, ऑपेरात लोक सारखे गात असतात ते आपल्याला सोसत नाही, त्यापेक्षा सिनेमा बरा. हे तो अर्थातच गाऊन म्हणतो. इथे मात्र माझ्या सिद्धान्तापुढे खरी अडचण उभी राहते. सगळंच गाणं असेल तर बोलण्यातून गाण्यात जायचा उंबरठाच उरत नाही. मग घटना कुठे घडणार? उत्तर सिनेमाच्या शेवटात आहे. छत्र्यांच्या दुकानातली झनव्हिएव आणि गॅरेजातला गी यांचं एकमेकांवर प्रेम असतं. त्याला अल्जीरियाच्या युद्धावर जावं लागतं. तिला दिवस गेलेले असतात, त्याची पत्रं विरळ होत जातात आणि ती एका सधन जवाहिऱ्याशी लग्न करते. काही वर्षांनी, 1963 च्या डिसेंबरात, बर्फ पडत असताना तिची मोटार एका पेट्रोल पंपावर थांबते. पंप गीचा आहे. गाडीत त्यांची मुलगी आहे. पंपावरचा पोऱ्या विचारतो, पेट्रोल सुपर घालू की साधं? दोघं ऑफिसात उभं राहून चार वाक्यं बोलतात. मुलीला भेटायचंय का, असं ती विचारते. तो नाही म्हणतो. पेट्रोलचा प्रश्नही गायलेला आहे आणि मुलीचा प्रश्नही. दोन्ही वाक्यांची स्वररचना साधी, जवळपास बोलण्याची. ज्या सुरांवर त्यांनी कधीकाळी कायमचं प्रेम कबूल केलं होतं ते सूर आता वाद्यवृंदात उसळतात आणि माणसं त्यांच्याखाली व्यवहाराचं बोलत राहतात. उंबरठा नाहीसा झाला नव्हता, तो उलटा झाला होता. इतर संगीतपटांत माणसं गाण्यापर्यंत चढतात. इथे एके काळी उंच गाणारी माणसं जगण्याच्या साध्या पट्टीत उतरली आहेत, आणि त्या उतरण्यात एवढी वर्षं मावली आहेत. सगळा सिनेमा गाण्यात असल्याशिवाय हे दाखवताच आलं नसतं.

मराठी वाचक इथे एक वेगळा आणि अधिक वजनदार मुद्दा काढील, आणि तो काढण्याचा त्याला हक्क आहे. तो म्हणेल, आम्ही संगीत नाटक जगलेली माणसं. आमच्याकडे गाण्याने कथानक थांबवलं आणि तेच आम्हाला हवं होतं. बालगंधर्वांचं पद रंगलं की वन्स मोअरवर वन्स मोअर पडत, नाटक पहाटेपर्यंत चाले, आणि सुभद्रेचं पुढे काय होणार याची घाई कोणालाच नसे. निखळ गाण्याचा आनंद तुमच्या घटनेच्या हिशेबात कुठे बसतो? हा आनंद खरा आहे आणि मी तो कमी लेखणार नाही. पण इतिहास थोडा मागून पाहायला हवा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ आणि पाठोपाठ ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलं तेव्हा पदांचा मोठा भाग संवादाचाच होता. साकी, दिंडी अशा ओळखीच्या घाटांतून पात्रं एकमेकांशी बोलत, रुसत, समजूत काढत. 1911 च्या ‘मानापमान’नंतर, गोविंदराव टेंबे यांच्या चालींनी पदाला रागदारीचा विस्तार मिळाला आणि पदात मैफल शिरली. मैफलीचा आनंद मोठा आहे, पण तो रंगमंचाचा आहे. तिथे गायक आणि श्रोता एका छताखाली असतात, दाद मिळाली की गायक नवी जागा घेतो, आणि आजचं पद कालच्यासारखं नसतं. पडद्यावरच्या गायकाला आपला वन्स मोअर ऐकू जात नाही. तो प्रत्येक खेळाला तीच तान तशीच घेणार. सिनेमाने मैफल उसनी आणली तर तिचा प्राणच मागे राहतो. म्हणून ज्या मराठी सिनेमाला नाट्यसंगीत खरोखर पेलायचं आहे त्याला गाण्यातूनच गोष्ट घडवावी लागते. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या नाटकावरून आलेला ‘कट्यार काळजात घुसली’ (2015) तसाच घडतो. तिथे दोन घराण्यांचा सामना हाच कथेचा गाभा आहे. राजगायकाचं पद, सूड, अहंकार, गुरुत्व, सगळ्याचा निकाल गाण्यात लागतो. सूडासाठी आलेला सदाशिव ज्याला संपवायचं त्याचंच गाणं कानांनी टिपत राहतो, आणि ते गाणं गळ्यात मुरलं की आपण कोणाला मारायला आलो होतो याचं उत्तर त्याच्यासाठी बदलून जातं. तिथल्या तानेची मैफलीतली गोडी तशीच राहते आणि शिवाय तिला परिणामही मिळतो.

आणखी एक शंका आवाजाबद्दल आहे. बदल माणसात होतो असं आपण म्हणतो, पण गाणारा गळा पडद्यावरच्या माणसाचा नसतोच. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे स्वतः गायले. तेव्हा चित्रीकरण चालू असतानाच गावं लागे, साथीदार कॅमेऱ्याच्या नजरेआड दडून वाजवत, आणि ध्वनिग्राहकाच्या कक्षेबाहेर जाता येत नसल्याने गाणाऱ्याला फारसं हलता येत नसे. 1935 नंतर पार्श्वगायन रुळत गेलं आणि चेहरा व गळा वेगळे झाले. हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. ‘वेस्ट साइड स्टोरी’त (1961) नॅटली वुडसाठी आणि ‘माय फेअर लेडी’त (1964) ऑड्री हेपबर्नसाठी मार्नी निक्सन गायल्या. ‘साउंड ऑफ म्युझिक’च्या ज्या प्रसंगाचं मी एवढं कौतुक केलं, त्यातही क्रिस्टोफर प्लमर यांचा गाण्याचा आवाज बिल ली यांचा आहे. ‘सिंगिंग इन द रेन’ची तर गोष्टच उसन्या आवाजाच्या अन्यायाची आहे, आणि तीत दुसरीला आवाज देणाऱ्या नायिकेलाही काही ठिकाणी पडद्यामागून दुसऱ्याच गायिकेचा आवाज दिलेला होता. मग हा बदल खोटा का? मला तसं वाटत नाही. गाण्यातला बदल पात्राचा असतो, आणि पात्र हे तसंही कवी, संगीतकार, गायक, नट अशा अनेकांनी मिळून घडवलेलं असतं. लता मंगेशकरांचा आवाज कितीतरी नायिकांना मिळाला. प्रेक्षकांना तो ठाऊक होता, तरी समोरच्या नायिकेचं दुःख त्यांना परकं वाटलं नाही. अन्याय होतो तो गाणाऱ्याचं नाव लपवलं जातं तेव्हा, आणि त्यावर उपाय म्हणजे ते नाव ठळकपणे सांगणं. गळा उसना असतो म्हणून घटना उसनी ठरत नाही. ती खोटी पडते ती गाण्याआधीचा आणि नंतरचा नट एकच चेहरा घेऊन वावरतो तेव्हा.

प्रभातचा ‘संत तुकाराम’ (1936) मी या यादीत सगळ्यात वर ठेवतो, आणि तो माझ्या म्हणण्याला नीट बसत नाही हेही कबूल करायला हवं. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांच्या या सिनेमातले तुकाराम गाण्यापूर्वी जसे असतात तसेच गाण्यानंतर असतात. विष्णुपंत पागनीस एका स्थिर, निवांत चेहऱ्याने गातात. रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेल्या या नटाने हातवारे आणि अभिनयाचा थाट इथे जवळपास पुसून टाकला आहे. केशवराव भोळे यांच्या चालीही तशाच, हरकतींनी न सजवलेल्या. त्यांच्यासमोर सालोमालो आहे. तो तुकारामांचे अभंग आपले म्हणून खपवतो आणि नखऱ्याने गातो. शब्द तेच, पण एका गळ्यात ते जगणं असतात आणि दुसऱ्या गळ्यात चोरलेला माल, हा फरक कोणीही समजावून न सांगता ऐकणाऱ्याला कळतो. मग बदल कुठे घडतो? तो ऐकणाऱ्यांत घडतो. तुकारामांना भुलवायला पाठवलेली नर्तिका त्यांचं गाणं ऐकून वेगळीच होऊन परतते. ज्याच्या निवाड्याने गाथा इंद्रायणीत बुडवावी लागते तो पंडितही शेवटी नमतो. आणि गौरी यांनी उभी केलेली जिजाई आहेच. भुकेल्या पोरांची, म्हशीची, रिकाम्या घराची काळजी वाहणारी, नवऱ्याच्या देवावर संतापणारी ही बाई गाण्यापुढे सहजासहजी विरघळत नाही. म्हणूनच तिच्या चेहऱ्यावर अधूनमधून उमटणारी माया हा या सिनेमातला सर्वांत कष्टाने मिळवलेला बदल आहे. बीज आणि झाडाची उपमा घेऊन शांताराम आठवले यांनी या सिनेमासाठी लिहिलेलं एक पद अनेकांना तुकोबांचाच अभंग वाटलं. म्हणजे तो बदल सिनेमागृहाबाहेरही पोहोचला. तेव्हा माझं विधान मला थोडं रुंद करावं लागतं. चांगल्या गाण्यानंतर कोणीतरी बदललेलं असतं. ते गाणारा असेल किंवा ऐकणारा.

हे रुंद केलेलं विधान हाताशी असलं की शेवटच्या आक्षेपाला सामोरं जाता येतं. संगीतपट माणसाला गुंगी देतात, वास्तवापासून पळायला शिकवतात, असा तो आक्षेप. काही संगीतपट तसे आहेतच, आणि मंदीच्या दिवसांत चार घटका सुखाच्या मिळाव्यात म्हणून लोक ते पाहत असतील तर त्यात मला काही कमीपणा दिसत नाही. पण हा आक्षेप घेणाऱ्याने बॉब फॉसी यांचा ‘कॅबरे’ (1972) पाहावा. 1931 चं बर्लिन. जवळपास सगळी गाणी एका नाइट क्लबच्या मंचावर होतात. क्लबबाहेर, उघड्यावर गायलं जाणारं गाणं एकच. एका बागेत लोक दुपारची बिअर पीत बसले आहेत. एक कोवळा, देखणा मुलगा गाऊ लागतो. चेहरा जवळून दिसतो, आवाज निर्मळ, शब्द निसर्गाचे. मग कॅमेरा खाली सरकतो आणि त्याचा गणवेश दिसतो, दंडावर स्वस्तिकाची पट्टी दिसते. एक मुलगी उठून सूर मिसळते, मग एक माणूस, मग एक कुटुंब. चाल कवायतीची होते, चेहरे ताठरतात आणि बघता बघता जवळपास सगळी बाग उभी राहून गात असते. एक म्हातारा तेवढा बसून राहतो. नाझींचा वापर करून घेऊ आणि मग त्यांना आवरू, असं निश्चिंतपणे म्हणणाऱ्या उमरावाला त्याचा इंग्रज मित्र निघताना विचारतो, अजूनही वाटतं का, तुम्ही यांना आवरू शकाल? ‘संत तुकाराम’मध्ये गाणं ज्या रीतीने नर्तिकेपर्यंत पोहोचतं, त्याच रीतीने इथे ते गर्दीपर्यंत पोहोचतं. सुराची ताकद तीच, परिणाम भयंकर. आणि सिनेमा आपल्यालाही सोडत नाही, कारण पहिल्या कडव्यात आपल्यालाही तो आवाज गोड वाटलेला असतो. एखादा समाज कसा वाहवत जातो याची कारणं ग्रंथांतून कळतात. वाहवत जाण्याची गोडी कशी असते, हे मात्र या काही मिनिटांच्या गाण्यातून जेवढं कळतं तेवढं मला दुसऱ्या कुठूनही कळलेलं नाही. असा सिनेमा पळवाट नसतो. तो जागं करतो, आणि ते काम तो गाण्यानेच करतो.

कोणी विचारील, बदल एकदा कळला की आनंद संपायला हवा, मग हेच सिनेमे माणसं पुन्हा पुन्हा का पाहतात? कीर्तनाला जमलेल्या प्रत्येकाला हरिश्चंद्राची कथा आधीच पाठ असते. उत्सुकता काय घडेल याची नसते, कसं घडेल याची असते. माणूस कोणत्या सुरावर विरघळतो, कोणत्या पावलावर राग सोडतो, छत्री नेमकी केव्हा मिटतो, हे पाहणं कितव्यांदाही शिळं होत नाही, कारण आपल्याला स्वतःच्या आयुष्यात ते दिसत नाही. आपले बदल सावकाश होतात, वर्षं घेतात आणि होऊन गेल्यावर लक्षात येतात. संगीतपट तोच बदल दोन-चार मिनिटांत मावेल असा करून दाखवतो, आणि लय असल्यामुळे तो आपल्या शरीरालाही कळतो. म्हणून नवा संगीतपट पाहताना मी गाणी किती, खर्च किती, नाव कोणाचं, हे विचारत नाही. गाणं संपल्यावर पडद्यावर कोण उभं आहे ते पाहतो. आधीचाच माणूस असेल तर चाल कितीही गोड असो, त्या सिनेमाने गाण्याला राबवून घेतलेलं नाही. मराठीत ओवीपासून अभंगापर्यंत आणि ‘सौभद्र’पासून ‘कट्यार’पर्यंत गाण्याकडून एवढं मोठं काम करून घेण्याची सवय आहे. आपल्या संगीतकारांनी, दिग्दर्शकांनी आणि आपण प्रेक्षकांनीही गाण्याकडून यापेक्षा कमी मागू नये.